मुका सायनॅप्स आणि पहिला आठवडा: मिश्यांच्या कॉर्टेक्समधलं एक प्रकरण

पाच दिवसांचं रॅटचं पिल्लू. थॅलॅमसमधून, म्हणजे संवेदना पुढे धाडणाऱ्या मेंदूच्या आतल्या भागातून, निघालेला तंतू कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाच्या) चौथ्या थरापर्यंत पोहोचलेला आहे. त्याच्या टोकातून ग्लूटामेट हे संदेशवाहक रसायन सुटतं आणि समोरच्या पेशीवर ते ओळखणारे रिसेप्टरही आहेत. तरीही पेशीचं व्होल्टेज उपकरणाने −७० मिलिव्होल्टला धरून तंतू चेतवला तर पडद्यावर सरळ रेष येते. तीच पेशी +४० वर नेऊन तितकाच झटका दिला की शेकडो मिलिसेकंद रेंगाळणारा प्रवाह उमटतो.

हे पहिलं निरीक्षण. दुसरं असं, की या वयात पेशी ० मिलिव्होल्टच्या आसपास धरून तंतूला मिनिट-दोन मिनिटं संथ गतीने झटके दिले, तर नंतर −७० वरचा प्रतिसाद वाढतो, कधी नव्याने उगवतो, आणि तसाच टिकतो. यालाच एलटीपी म्हणतात, म्हणजे सायनॅप्सचं, दोन पेशींमधल्या जोडणीचं, दीर्घकाळ टिकणारं बळकटीकरण. तिसरं निरीक्षण हे, की नऊ-दहा दिवसांच्या पिल्लात तीच कृती केली तर हाती काहीच लागत नाही.

मायकेल क्रेअर आणि रॉबर्ट मालेंका यांनी १९९५ मध्ये दाखवलं, की थॅलॅमस ते कॉर्टेक्स या सायनॅप्सवर एलटीपी घडवता येण्याची मुदत पहिल्या आठवड्यापुरतीच असते. १९९७ मध्ये जॉन आयझॅक, क्रेअर, रॉजर निकोल आणि मालेंका यांनी त्याच मुदतीत इथे मुके सायनॅप्स, म्हणजे −७० वर गप्प राहून +४० वर उत्तर देणारे, भरपूर असतात आणि मुदत संपताना ते दिसेनासे होतात, हे दाखवलं. मग या मुदतीची खिडकी मिटवतो कोण? एक संशयित, एनएमडीए नावाच्या ग्लूटामेट-रिसेप्टरच्या घडणीत वयाबरोबर होणारा बदल, इतका ठळक होता, की बरेच दिवस खटला उभा न राहताच निकाल लागल्यासारखं वातावरण होतं. हे प्रकरण त्या संशयिताचं आहे, आणि पुरावा गोळा करताना कुठे कुठे पाय घसरतो त्याचंही.

जागा हीच का?

रॅट आणि माऊस यांच्या थोबाडावर मोठ्या मिश्यांच्या पाच रांगा असतात. प्रत्येक मिशीसाठी कॉर्टेक्सच्या चौथ्या थरात पेशींचा एक वेगळा पुंजका असतो. थॉमस वूल्सी आणि हेंड्रिक वान देर लूस यांनी १९७० मध्ये माऊसमध्ये या पुंजक्यांचं वर्णन केलं आणि त्यांना बॅरल म्हटलं. मिशीकडून निघालेली माहिती मेंदूच्या देठात येते, तिथून बाजू बदलून थॅलॅमसच्या व्हीपीएम केंद्रकात आणि तिथून बॅरलमध्ये. एक मिशी, एक बॅरल, असा सरळ हिशोब असल्यामुळे विकासात काय बिघडलं ते रंगवलेल्या कापावर डोळ्यांनी दिसतं.

१९७३ मध्ये याच दोघांनी नवजात पिल्लांच्या मिश्यांची मुळं नष्ट केली तर बॅरलचा नकाशा बदलतो हे दाखवलं. पुढच्या कामातून कळलं की ही संवेदनशीलता पहिल्या तीन-चार दिवसांतच ओसरते. एलटीपीची मुदत मात्र साधारण सातव्या-आठव्या दिवसापर्यंत चालते. या दोन खिडक्या वेगळ्या आहेत आणि लेखांमधून त्या सर्रास एक धरल्या जातात. नकाशा ठरून गेल्यावरही सायनॅप्सची ताकद काही दिवस जुळवली जात असते.

दोन रिसेप्टर, दोन कामं

अँपा रिसेप्टर ग्लूटामेट लागताच उघडतो आणि काही मिलिसेकंदांत मिटतो. पेशीचं व्होल्टेज काय आहे याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. एनएमडीए रिसेप्टरला ग्लूटामेट पुरत नाही, सोबत ग्लायसीन किंवा डी-सेरीन बसलेलं लागतं. तेवढ्यावरही काम भागत नाही, कारण विश्रांतीच्या व्होल्टेजला त्याच्या छिद्रात मॅग्नेशियमचा आयन अडकून बसतो. हा अडथळा १९८४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवला.

अडथळा किती, याचं गणित क्रेग जार आणि चार्ल्स स्टीव्हन्स यांच्या १९९० च्या सूत्रातून येतं: मोकळ्या राहणाऱ्या मार्गांचा वाटा = १ ÷ (१ + [मॅग्नेशियम ÷ ३.५७] × e^(−०.०६२ × व्होल्टेज)). इथे मॅग्नेशियम मिलिमोलरमध्ये आणि व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये घ्यायचं. द्रावणात १.३ मिलिमोलर मॅग्नेशियम असेल तर −७० वर सुमारे ३.५%, −४० वर १९%, ० वर ७३% आणि +४० वर ९७% वाटा मोकळा राहतो. सूत्र हिप्पोकॅम्पसच्या पेशींवरून आलेलं आहे, तेव्हा दुसऱ्या भागात आकडे थोडे हलतील. पण ३.५% म्हणजे शून्य नव्हे, ही बाब पुढे नडणार आहे.

मुका सायनॅप्स म्हणजे ज्यावर एनएमडीए रिसेप्टर आहेत पण कामाचे अँपा नाहीत असा सायनॅप्स. एकट्याने तो पेशीला हलवू शकत नाही. शेजारच्या सायनॅप्सनी पेशी वर ढकलली आणि नेमकं त्याच वेळी त्याच्यावर ग्लूटामेट पडलं, तरच मॅग्नेशियम निघतं, कॅल्शियम आत येतं आणि पुढची साखळी सुरू होते. साखळीच्या शेवटी अँपा रिसेप्टर पटलात बसवले जातात आणि मुका सायनॅप्स बोलू लागतो. एकाच वेळी चेततात ते तंतू टिकतात, हा विकासाचा नियम रेणूंच्या पातळीवर असा लिहिलेला आहे.

स्लाइस

थॅलॅमस, कॉर्टेक्स आणि त्यांना जोडणारे तंतू हे सगळं एकाच कापात जिवंत ठेवता येतं ते अ‍ॅगमन आणि कॉनर्स यांच्या १९९१ च्या पद्धतीमुळे. मेंदू १० अंशांच्या उतारावर ठेवून मध्यरेषेशी ५५ अंशांचा छेद घ्यायचा आणि ४०० मायक्रोमीटर जाडीचे काप काढायचे. तंतू सरळ रेषेत जात नाहीत, म्हणून कोन दोन-चार अंशांनी चुकला तरी मार्ग मध्येच तुटतो. एका अर्धगोलातून कामाचे काप एक-दोनच निघतात. बाकीच्यांत थॅलॅमस दिसतो, बॅरल दिसतात, पण दुवा नसतो. कोणता काप जोडलेला आहे हे आधी क्षेत्र-विभवाची (अनेक पेशींच्या एकत्रित विद्युत प्रतिसादाची) नोंद करून ठरवावं, पॅच करण्यात (काचेची पिपेट एका पेशीला चिकटवून तिचा प्रवाह मोजण्यात) वेळ घालवल्यावर नव्हे.

पहिल्या आठवड्यातला मेंदू पाण्याने भरलेला आणि मऊ असतो. प्रौढ ऊतींसाठी ठरवलेल्या वेगाने पातं पुढे नेलं तर ते कापण्याऐवजी ढकलतं आणि वरचा थर चुरगळतो. वेग कमी ठेवायचा, पात्याचं कंपन रुंद ठेवायचं आणि द्रावण बर्फाच्या तापमानाला ठेवायचं. नेहमीचं द्रावण मिलिमोलरमध्ये असं: सोडियम क्लोराइड ११९, पोटॅशियम क्लोराइड २.५, सोडियम बायकार्बोनेट २६, सोडियम फॉस्फेट १, कॅल्शियम २.५, मॅग्नेशियम १.३, ग्लुकोज ११. त्यातून ९५% ऑक्सिजन आणि ५% कार्बन डायऑक्साइड सतत सोडायचा. कापांना किमान तासभर सावरू द्यायचं. कॅल्शियम घालण्याआधी वायू सोडला नाही तर बायकार्बोनेटचा सामू चढतो आणि द्रावण पांढुरकं होतं. तसं द्रावण गाळून वापरू नये, टाकून द्यावं.

पिपेट ३ ते ६ मेगोहमची. आतल्या द्रावणात पोटॅशियमऐवजी सीझियम, कारण +४० वर पेशी धरायची तर पोटॅशियमचे मार्ग बंद हवेत. सोडियम मार्ग आतून रोखायला क्यूएक्स-३१४, साधारण ५ मिलिमोलर. सीझियम ग्लुकोनेट वापरलं की द्रावणांच्या सीमेवर दहा मिलिव्होल्टहून अधिक जोडविभव येतं. ते वजा केलं नाही तर उपकरणावरचे −७० हे पेशीतले −८० च्या पुढचे असतात, +४० हे +३० च्या खाली. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नसतील तर आधी हे तपासावं.

चेतवण्याचा इलेक्ट्रोड व्हीपीएममध्ये ठेवावा. तो पांढऱ्या भागात ठेवणं सोपं पडतं, पण तिथे कॉर्टेक्सच्या सहाव्या थरातून थॅलॅमसकडे जाणारे तंतूही चेतवले जातात. आवेग त्यांच्यातून उलटा धावून फांद्यांमार्गे चौथ्या थरात येतो आणि थॅलॅमसचा म्हणून मोजला जातो. ओळखायची खूण आहे: थॅलॅमसचे सायनॅप्स लागोपाठच्या झटक्यांना थकतात, सहाव्या थराच्या फांद्यांचा प्रतिसाद उलट चढतो. शिवाय थेट जोडणीच्या प्रतिसादाचा विलंब झटक्यागणिक जवळपास एकच राहतो. तो मिलिसेकंदाहून जास्त हलू लागला तर मध्ये आणखी एक पेशी आहे असं समजावं.

तापमान सगळ्या वयांना एकच हवं. थंड कापात एनएमडीएचा प्रवाह लांबतो. लहान पिल्लं खोलीच्या तापमानाला आणि मोठी ३२ अंशांना नोंदवली, तर वयाचा फरक म्हणून जे छापलं जाईल त्यात तापमान मिसळलेलं असेल.

मुकेपण मोजताना

झटका इतका कमी करायचा की एक-दोन तंतूच चेततील आणि अनेकदा काहीच प्रतिसाद येणार नाही. मग −७० वर अपयशांचं प्रमाण काढायचं, +४० वर काढायचं. सगळे सायनॅप्स बोलके असतील तर दोन्ही प्रमाणं सारखी यायला हवीत, कारण ग्लूटामेट सुटणं न सुटणं हे पलीकडच्या पेशीच्या व्होल्टेजवर अवलंबून नाही. +४० वर अपयशं कमी असतील तर काही सायनॅप्स फक्त एनएमडीएचे आहेत.

मुक्या सायनॅप्सचा वाटा = १ − ln(F₋₇₀) ÷ ln(F₊₄₀). इथे F म्हणजे त्या व्होल्टेजवरचं अपयशांचं प्रमाण, ln म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. समजा −७० वर अपयश ०.७ आणि +४० वर ०.५ आलं. ln ०.७ म्हणजे −०.३५७, ln ०.५ म्हणजे −०.६९३. भागाकार ०.५१५, म्हणजे सुमारे ४८.५% सायनॅप्स मुके.

आकडा नेटका दिसतो, पण तसा तो नाही. प्रत्येक व्होल्टेजवर ५० झटके दिले असतील तर ०.७ या प्रमाणाची प्रमाणित त्रुटी ०.०६५ येते. फक्त या एका बाजूच्या त्रुटीने उत्तर ३५% ते ६१% असं झुलतं. अपयश ०.९ च्या वर गेलं तर परिस्थिती आणखी वाईट, कारण तिथे लॉगॅरिदम शून्याजवळ असतो आणि ०.८६ ते ०.९४ एवढ्या फरकाने त्याचं मूल्य दुपटीहून जास्त बदलतं. म्हणून झटका अशा ताकदीचा ठेवावा की दोन्ही व्होल्टेजवर अपयशं ४० ते ७०% च्या दरम्यान राहतील. आणि एका पेशीच्या आकड्याला अर्थ देऊ नये, वयोगटाची सरासरीच पाहावी. सूत्रात सगळ्या सायनॅप्सची सुटण्याची शक्यता सारखी धरलेली आहे, हेही ध्यानात असू द्यावं.

आता जे खरं तर मुकेपण नाही पण तसं दिसतं, त्याच्याकडे.

पहिलं म्हणजे गोंगाट. नवजात पेशीतला एकेका सायनॅप्सचा अँपा प्रवाह काही पिकोअँपिअरचा असतो. पार्श्वभूमीचा गोंगाट तेवढाच असेल तर लहान प्रतिसाद अपयशांत जमा होतात आणि मुके सायनॅप्स फुगतात. सगळ्या 'अपयशां'ची सरासरी काढावी. ती सपाट नसेल तर मोजणी रद्द.

दुसरं, शेजारून सांडलेलं ग्लूटामेट. एनएमडीए रिसेप्टरची ग्लूटामेटशी जवळीक अँपाहून कितीतरी जास्त आहे. शेजारच्या सायनॅप्समधून झिरपलेल्या थोड्याशा ग्लूटामेटनेही तो उघडतो, अँपा मात्र ढिम्म राहतो. कमीतकमी झटक्यात हा धोका घटतो, पण संपत नाही.

तिसरं, सूत्रातले ते ३.५%. पहिल्या आठवड्यात एनएमडीएचा प्रवाह मोठा आणि संथ असल्यामुळे −७० वरही त्याची एक लांब शेपटी दिसू शकते, आणि ती अँपा म्हणून मोजली जाते. एनएमडीए रोखणारं डी-एपीव्ही ५० मायक्रोमोलर घालून शेपटी जाते का पाहावं. गेली नाही तर आणखी एक शक्यता उरते. किड आणि आयझॅक यांनी १९९९ मध्ये दाखवलं की याच सायनॅप्सवर पहिल्या आठवड्यात केनेट या ग्लूटामेटच्याच तिसऱ्या रिसेप्टरचाही संथ प्रवाह असतो, तो वयाबरोबर घटतो आणि एलटीपी घडवलं की झपाट्याने कमी होतो. अँपा आणि केनेट वेगळे करायचे तर जीवायकेआय ५३६५५ वापरतात. ते अँपा रोखतं, केनेट बव्हंशी सोडतं. नेहमीचं सीएनक्यूएक्स दोघांनाही रोखतं, त्यामुळे 'सीएनक्यूएक्सने गेलं म्हणजे अँपा' हा निष्कर्ष या वयात चालत नाही.

चौथा धोका सर्वांत नाजूक, म्हणजे मोजणीनेच सायनॅप्स मुका होणं. नवजात हिप्पोकॅम्पसमध्ये २००४ मध्ये असं दिसलं की साध्या, संथ चाचणी-झटक्यांनीच सायनॅप्सचा अँपा प्रतिसाद हरपू शकतो. म्हणजे पाचव्या मिनिटाला मोजलेलं मुकेपण काही अंशी आपणच पहिल्या चार मिनिटांत घडवलेलं असू शकतं. हिप्पोकॅम्पसचं निरीक्षण बॅरलवर जसंच्या तसं लादू नये, पण पहिले दहा झटके आणि शेवटचे दहा झटके वेगळे काढून पाहायला खर्च काही येत नाही.

एलटीपीची कृती

पेशी उघडल्यापासून घड्याळ सुरू. पिपेटमधलं द्रावण पेशीत मिसळत जातं, पेशीतले साखळीला लागणारे घटक पातळ होत जातात आणि दहा-पंधरा मिनिटांनंतर एलटीपी घडेनासं होतं. त्यामुळे आधाररेषेसाठी पाच ते आठ मिनिटंच मिळतात. मग व्होल्टेज ० वर नेऊन सेकंदाला एक या गतीने साधारण शंभर झटके द्यायचे, पुन्हा −७० वर येऊन किमान अर्धा तास नोंद चालू ठेवायची. मालिका-रोध, म्हणजे पिपेट आणि पेशी यांच्यामधला विद्युतरोध, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोजत राहायचा. तो २०% हून जास्त बदलला तर पेशी बाद. रोध हळूहळू घटत गेला तर प्रवाह वाढलेला दिसतो, आणि त्याला एलटीपी म्हणण्याचा मोह आवरत नाही.

नऊ दिवसांच्या पिल्लात एलटीपी 'आलं नाही' हे म्हणायचं तर सिद्ध करण्याची जबाबदारी मोठी. त्याच दिवशी, त्याच द्रावणाने, त्याच पिपेटांनी पाच दिवसांच्या पिल्लात ते आलं पाहिजे. नाहीतर खिडकी मिटली की पेशीतला मालमसाला वाहून गेला, हे कळायला मार्ग नाही.

गाबाचा, म्हणजे एरवी पेशींना दाबणाऱ्या रसायनाचा, प्रश्न इथे येतो. पहिल्या आठवड्याच्या सुरुवातीला क्लोराइडचं प्रमाण पेशीत जास्त असल्यामुळे गाबा पेशीला दाबण्याऐवजी वर ढकलू शकतं. माईक डॉ, अ‍ॅशबी आणि आयझॅक यांच्या २००७ च्या कामात दिसलं, की चौथ्या थरातल्या शीघ्र चेतणाऱ्या निरोधक पेशी पहिल्या आठवड्याच्या अखेरीस एकदम कामाला लागतात. गाबा रोखायला पिक्रोटॉक्सिन घातलं तर मोठ्या पिल्लांच्या कापात झटक्यांचे लोट उठतात. ते शमवायला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही ४ मिलिमोलर करण्याची जुनी युक्ती आहे. पण सूत्रात ४ घालून पाहा: ० मिलिव्होल्टवर मोकळा वाटा ७३% वरून ४७% वर येतो. कॅल्शियमही वाढवलेलं असल्याने आत येणारं कॅल्शियम त्याच प्रमाणात घटेल असं नाही, पण कृती तीच राहिली नाही हे नक्की. हे फक्त मोठ्या वयोगटात केलं आणि लहानांत केलं नाही, तर तुलना तिथेच मोडली.

संशयित

एनएमडीए रिसेप्टर चार तुकड्यांचा: दोन ग्लूएन१ आणि बहुधा दोन ग्लूएन२. जन्माच्या सुमारास कॉर्टेक्समध्ये ग्लूएन२बी प्रबळ असतो, पुढच्या काही आठवड्यांत ग्लूएन२ए वाढत जातो. कृत्रिमरीत्या पेशीत बनवलेल्या रिसेप्टरमध्ये, ग्लूटामेट निघून गेल्यावर २ए चा प्रवाह सुमारे ५० मिलिसेकंदांत ओसरतो, २बी ला ३०० ते ४०० लागतात. मेंदूच्या कापांतही वयाबरोबर एनएमडीएचा प्रवाह आखूड होतो, हे १९९२ मध्येच कळलं होतं. दृष्टीच्या कॉर्टेक्समध्ये तर हा बदल अनुभवावर चालतो. अंधारात वाढवलेल्या रॅटना दोन तासांहून कमी उजेड दाखवला तरी सायनॅप्सवर २ए वाढलेला दिसतो, असं क्विनलन, फिलपॉट, ह्यूगनिर आणि बेअर यांनी १९९९ मध्ये दाखवलं.

आरोप असा रचला गेला. लांब प्रवाह म्हणजे कॅल्शियमला आत यायला जास्त वेळ आणि दोन घटना 'एकाच वेळी' घडल्या असं मानायला रुंद मुदत. प्रवाह आखूड झाला की दोन्ही घटतं, म्हणून प्लॅस्टिसिटी, म्हणजे सायनॅप्सची बदलण्याची क्षमता, संपते. शिवाय २बी ची आतली शेपटी कॅमकेटू या एन्झाइमला घट्ट धरते, आणि एलटीपीत ते एन्झाइम मध्यवर्ती. वेळापत्रक जुळतं, यंत्रणा जुळते. गोष्ट इतकी सुबक की पाठ्यपुस्तकात जाऊन बसायला तयार.

यात एक गडबड कृतीकडे पाहूनच लक्षात यायला हवी होती. पेशी ० मिलिव्होल्टला धरून शंभर झटके दिले तर मॅग्नेशियमचा बहुतेक अडथळा आपण स्वतः काढलेला असतो. 'एकाच वेळी' जुळण्याची परीक्षाच उरत नाही, कारण पेशी मिनिटभर वरच बसलेली आहे. अशा स्थितीत मुदत रुंद की अरुंद, याने निर्णायक फरक का पडावा? पडायचाच तर कॅल्शियमच्या एकूण मात्रेने पडेल.

खरी परीक्षा २००१ मध्ये झाली. अ‍ॅलिसन बार्थ आणि मालेंका यांनी ग्लूएन२ए चं जनुक नसलेले माऊस घेतले. यांत वयाबरोबर प्रवाह आखूड होण्याची नेहमीची वाटचाल होत नाही, तो लांबच राहतो. आरोप खरा असता तर यांच्यात एलटीपीची खिडकी उघडी राहायला हवी होती. ती सामान्य माऊससारखीच, त्याच वयात मिटली. त्याच वर्षी लू, गोन्झालेझ आणि क्रेअर यांचं काम आलं. त्यांनी मिश्यांची मुळं नष्ट केल्यावर नकाशा बदलण्याची मुदतही तपासली, आणि २ए नसलेल्या माऊसमध्ये तीही नेहमीच्या वेळीच संपत होती.

या निकालाचा अर्थ लावताना दोन्हीकडून अतिरेक होतो. एका बाजूला लोक तो विसरतात आणि '२बी जाऊन २ए आला की खिडकी मिटते' हे सर्व मेंदूभागांसाठी लिहून मोकळे होतात. दुसऱ्या बाजूला कोणी म्हणतं, एनएमडीएचा संबंधच नाही. हे तर साफ चूक. एनएमडीए रोखला तर या सायनॅप्सवर एलटीपी घडत नाही. इवासातो आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये फक्त कॉर्टेक्सच्या उत्तेजक पेशींमधून ग्लूएन१ काढला, तेव्हा चौथ्या थरातल्या पेशी बॅरलच्या आकारात जमल्याच नाहीत आणि थॅलॅमसच्या तंतूंचे ठसे मोठ्या मिश्यांपुरते, तेही अर्धवट उमटले. सगळ्या शरीरातून ग्लूएन१ काढलं तर पिल्लू जन्मानंतर लगेच मरतं, म्हणून कॉर्टेक्सपुरतं काढणं भाग होतं. दार एनएमडीए उघडतो. ते कधी बंद व्हायचं हे त्याच्या प्रवाहाची लांबी ठरवत नाही, एवढंच २००१ च्या कामाने दाखवलं.

जनुक जन्मापासून नसेल तर मेंदू पर्यायी सोय करून घेतो, ही नेहमीची हरकत इथेही घेता येते. पण ज्या गुणधर्मावर आरोप होता, तो म्हणजे लांबी, या माऊसमध्ये प्रत्यक्ष मोजला होता आणि तो लांबच होता. सोय झाली असलीच तर ती लांबीच्या पलीकडे कुठेतरी झाली, आणि मग लांबी निर्णायक नाही हेच पुन्हा सिद्ध होतं.

मग उरलं काय

निरोधक पेशींचं आगमन वेळेच्या हिशोबात जुळतं, आणि जिवंत पिल्लात त्याचा वाटा मोठा असू शकतो. पण कापात, व्होल्टेज आपण धरलेलं असताना, पेशी ० वर न्यायला निरोध आड येत नाही. तिथेही एलटीपी हरपतं. म्हणजे कापातल्या खिडकीसाठी हा खुलासा अपुरा आहे.

आमच्या मते सर्वांत कमी गृहीतकं लागणारा खुलासा कच्च्या मालाचा आहे: जागे करायला मुके सायनॅप्सच उरत नाहीत. पहिल्या आठवड्यात ते एकेक करून बोलके होतात, एनएमडीएच्या तुलनेत अँपाचा वाटा चढतो आणि नव्याने अँपा बसवायला रिकामी जागा घटत जाते. वेळापत्रकाशी हे नीट बसतं. मात्र वेळापत्रकाशी २ए सुद्धा बसत होता, तेव्हा इथेही तोच न्याय लावायला हवा. मुके सायनॅप्स मुद्दाम राखून ठेवले तर खिडकी उघडी राहते का, हा प्रयोग झाल्याशिवाय हा फक्त दुसरा ठळक संशयित.

असा प्रयोग आखणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. २बी चा वाटा इफेनप्रोडिलने (२बी असलेले रिसेप्टर रोखणाऱ्या औषधाने) मोजत असाल तर ३ मायक्रोमोलर मात्रेला पूर्ण परिणाम दिसायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि एकाच रिसेप्टरमध्ये २ए व २बी दोन्ही असतील तर ते अर्धवटच रोखतं. म्हणून 'इफेनप्रोडिलने कमी रोखलं' याचा अर्थ '२बी गेला' असा होत नाही. एका वेतातली पिल्लं स्वतंत्र नमुने धरू नयेत. पाच पेशी एकाच वेतातून आल्या असतील तर विश्लेषणात वेत हा घटक घ्यावा लागतो, कारण मोठ्या वेतातली पिल्लं वजनाने मागे असतात आणि या वयात एक-दोन दिवसांचा विकासही मागे असू शकतो. नोंद करणाऱ्याला पिल्लाचं वय ठाऊक नसावं, निदान विश्लेषणाच्या वेळी तरी. पाच दिवसांचा आणि नऊ दिवसांचा काप डोळ्यांनीच ओळखू येतो, त्यामुळे नोंदीच्या वेळी हे पाळणं कठीण जातं.

आणि वय लिहिताना जन्माचा दिवस ० धरला की १, ते पद्धतीच्या परिच्छेदात स्पष्ट लिहावं. रात्री झालेला जन्म सकाळी दिसला तर तो कोणत्या तारखेला टाकला, हेही. आठवड्याभराच्या खिडकीत एका दिवसाची चूक म्हणजे सातवा हिस्सा.